आइन्स्टाइन खरंच ‘आय-एन-टी-पी’ होता का?

इंटरनेटवर ‘व्यक्तिमत्त्वाचे १६ प्रकार’ असं शोधलं, की एक तक्ता समोर येतो आणि त्याच्या प्रत्येक चौकटीत कुणातरी प्रसिद्ध व्यक्तीचा फोटो असतो. ‘आय-एन-टी-पी’ या चौकटीत बहुतेक वेळा विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचा आल्बर्ट आइन्स्टाइन दिसतो. आय म्हणजे अंतर्मुख. एन म्हणजे समोरच्या तपशिलापेक्षा कल्पनेत रमणारा. टी म्हणजे भावनेपेक्षा तर्काने निर्णय घेणारा आणि पी म्हणजे वेळापत्रकात स्वतःला बांधून न घेणारा. काही तक्त्यांत शेवटचं अक्षर बदलून त्यालाच ‘आय-एन-टी-जे’ केलेलं असतं, म्हणजे सगळं आखून-रेखून करणारा. माणूस तोच, फोटोही तोच.

करमणूक म्हणून याला माझी काही हरकत नाही. पण मानसोपचाराच्या ओपीडीत हा आइन्स्टाइन दोन प्रकारच्या कुटुंबांबरोबर येतो. एक कुटुंब तीन वर्षांच्या, अजून न बोलणाऱ्या मुलाचं असतं. ‘आइन्स्टाइनसुद्धा उशिराच बोलला होता ना, डॉक्टर?’ दुसऱ्या कुटुंबातला कॉलेजात जाणारा मुलगा गेले तीन-चार महिने खोलीबाहेर पडत नसतो. घरचे सांगतात, ‘तो पहिल्यापासून इन्ट्रोव्हर्टच आहे. ऑनलाइन टेस्टमध्येही तेच आलं.’ दोन्हीकडे एका अंदाजाच्या भरवशावर तपासणी लांबलेली असते. म्हणून असे अंदाज बांधले कसे जातात, ते जरा बारकाईने पाहू.

ही चार अक्षरं आली कुठून?

कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने १९२१ मध्ये मानसिक प्रकारांवरचं आपलं पुस्तक प्रसिद्ध केलं. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आले ते मुख्यतः त्याच्यामुळे. गंमत म्हणजे शास्त्रज्ञाचा प्रकार दुरून ओळखण्याची सुरुवातही तिथेच झालेली दिसते. बहिर्मुख विचारप्रकाराचं उदाहरण म्हणून युंगने चार्ल्स डार्विनचं नाव घेतलं आणि अंतर्मुख विचारप्रकारासाठी तत्त्वज्ञ कांटचं. युंगचा जन्म १८७५ चा. कांट त्याच्या आधी ७१ वर्षं वारला होता आणि डार्विन वारला तेव्हा युंग सहा-सात वर्षांचा होता. आइन्स्टाइन मात्र झुरिकला असताना युंगच्या घरी अनेकदा जेवायला गेला होता. समोर बसून बोललेला शास्त्रज्ञ ओळखीचा असूनही उदाहरणासाठी डार्विन निवडला गेला, याचं मला फारसं आश्चर्य वाटत नाही. न भेटलेला माणूस चौकटीत सहज मावतो. ओळखीचा माणूस काही ना काही बाहेर काढून बसतोच.

पुढे अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी युंगच्या कल्पनांवरून एक प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुणाला कोणतं काम मानवेल हे ओळखायला मदत व्हावी, असा त्यामागचा विचार होता. आजार ओळखणं हा या प्रश्नावलीचा हेतू तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. शिवाय ती ज्याची त्याने स्वतः भरायची असते.

प्रश्नावलीची अधिकृत पुस्तिका १९६२ मध्ये निघाली. आइन्स्टाइनचं निधन एप्रिल १९५५ मध्ये झालं. म्हणजे ‘आइन्स्टाइन आय-एन-टी-पी होता’ असं कुणी म्हणतं, तेव्हा त्याच्या वतीने प्रश्नावली दुसऱ्याच कुणीतरी भरलेली असते.

आपणच भरून पाहू

समजा, तुम्ही ती भरायला बसलात. पहिला प्रश्न: हा माणूस एकटा राहणं पसंत करतो का? पुरावा हाताशी आहे. पन्नाशी ओलांडल्यावर लिहिलेल्या एका लेखात आइन्स्टाइनने स्वतःला एकट्या वाटसरूसारखं म्हटलं आहे. देश, घर, मित्र, इतकंच काय जवळचं कुटुंब, यांपैकी कशाशीच आपण पूर्णपणे जोडले गेलो नाही, असा त्याचा सूर आहे. त्याला शिडाच्या होडीतून फिरायला आवडायचं. झालं, ‘अंतर्मुख’वर खूण करा.

पण थांबा. १९०२ मध्ये बर्नमध्ये याच माणसाने कॉनराड हाबिश्ट आणि मॉरिस सोलोविन या मित्रांबरोबर एक अड्डा जमवला होता. त्याला त्यांनी थट्टेने ‘ऑलिम्पिया अकादमी’ असं भारदस्त नाव दिलं होतं. एकत्र जेवायचं, पुस्तक वाचायचं आणि मोठमोठ्याने वाद घालायचा. पेटंट कार्यालयातल्या मिकेले बेसोबरोबर चालता चालता तो आपल्या कल्पना पारखून घ्यायचा. व्हायोलिन तो चारचौघांच्या मैफिलीत वाजवायचा. गणितात अडला तेव्हा कॉलेजातला जुना मित्र मार्सेल ग्रॉसमान याच्याकडे गेला. त्याने आयुष्यभर हजारो पत्रं लिहिली. १९५१ मध्ये, ७२ व्या वाढदिवसाला, फोटोग्राफरला जीभ काढून दाखवणाराही हाच. आता कुठल्या बाजूला खूण करणार?

पुढचा प्रश्न भावनेचा. १९१४ मध्ये पत्नी मिलेव्हाबरोबरचे संबंध ताणले गेले असताना त्याने तिला अटींची एक यादी लिहून दिली होती. तीन वेळचं जेवण खोलीत आणून द्यायचं, जिव्हाळ्याची अपेक्षा ठेवायची नाही, सांगितलं की बोलणं थांबवायचं. ती यादी वाचून कुणीही म्हणेल, कोरडा, नुसता तर्कावर चालणारा माणूस. पण याच मिलेव्हाला लग्नाआधी लिहिलेली त्याची पत्रं लाडिक आणि हळवी आहेत. त्यात भौतिकशास्त्रही आहे आणि विरहही. एकाच माणसाने एकाच स्त्रीला दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने लिहिलेला हा मजकूर आहे. तुटत आलेल्या लग्नात माणूस कसा वागतो, त्यावरून त्याचा कायमचा स्वभाव ठरवायचा का?

मानसोपचारात आम्ही ‘स्वभाव’ आणि ‘त्या वेळची अवस्था’ यांत नेहमी फरक करतो. १९०५ मधला आइन्स्टाइन २६ वर्षांचा, घरी तान्हं मूल असलेला, कार्यालयात पूर्ण वेळ नोकरी करणारा तरुण होता. १९३३ नंतरचा आइन्स्टाइन मायदेश सोडावा लागलेला, परक्या भाषेच्या देशात राहणारा आणि रस्त्यात कुणीही ओळखेल इतका प्रसिद्ध माणूस होता. अशा माणसाने गर्दी टाळली तर त्यात अंतर्मुखता किती आणि दमणूक किती, हे पत्रांवरून वेगळं काढता येत नाही. समोर बसलेल्या पेशंटला निदान विचारता तरी येतं.

‘उशिरा बोलला’ याचा पुरावा काय?

आई-वडिलांच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे थोडं जास्त थांबते.

आइन्स्टाइनचा जन्म १४ मार्च १८७९ चा. त्याची धाकटी बहीण माया हिने १९२४ मध्ये त्याच्या बालपणाच्या आठवणी लिहिल्या. त्यात ती म्हणते, की त्याची भाषा हळूहळू आली, आई-वडिलांना काळजी वाटली होती आणि सात वर्षांचा होईपर्यंत तो आपलंच वाक्य ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणायचा. स्वतः आइन्स्टाइननेही वयाच्या पंचाहत्तरीत एका पत्रात लिहिलं, की तो उशिरा बोलू लागल्यामुळे त्याला डॉक्टरांना दाखवलं होतं आणि तेव्हा तो तीन वर्षांहून लहान नसावा.

मात्र याच मायाने आणखी एक आठवण सांगितली आहे. नोव्हेंबर १८८१ मध्ये तिचा जन्म झाला. तुला खेळायला कुणीतरी येणार, असं लहानग्या आल्बर्टला सांगून ठेवलं होतं. बाळ पाहिल्यावर त्याने विचारलं, की याची चाकं कुठे आहेत? तेव्हा त्याचं वय होतं दोन वर्षं आठ महिने. त्या आधीच्या उन्हाळ्यात त्याला भेटून गेलेल्या आजीच्या पत्रातही त्याच्या गमतीदार कल्पनांचं कौतुक आहे. चाकांबद्दल प्रश्न विचारणारं पावणेतीन वर्षांचं मूल माझ्याकडे आणलं, तर ‘बोलत नाही’ असं मी नक्कीच लिहिणार नाही. फार तर इतकं म्हणता येईल, की सुरुवात थोडी उशिरा झाली असावी आणि बोलण्याआधी वाक्य जुळवून पाहायची त्याला सवय असावी.

पुरावा कुणाचा आहे, हेही बघा. एक साक्ष ७५ वर्षांच्या माणसाची, स्वतःच्या तिसऱ्या वर्षाबद्दलची. दुसरी बहिणीची, जी त्या प्रसंगात पाळण्यात होती. दोघांनाही ते घरात ऐकून माहीत. घरोघरी अशा गोष्टी सांगता सांगता घडत जातात आणि मूल पुढे जगप्रसिद्ध झालं तर त्या आणखी गोल होतात.

‘गणितात नापास झाला होता’ ही गोष्ट तर सरळ चुकीची आहे. १८९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, म्हणजे नेहमीच्या वयाच्या दोनएक वर्षं आधी, त्याने झुरिकच्या तंत्रशिक्षण संस्थेची प्रवेशपरीक्षा दिली. तो अडला तो बाकीच्या सामान्य विषयांत. गणित आणि भौतिकशास्त्रात त्याने चमकच दाखवली. पुढच्या वर्षी आराउच्या शाळेतल्या अंतिम परीक्षेत त्याला बीजगणित आणि भूमितीत ६ पैकी ६ होते. फ्रेंचमध्ये मात्र ३.

समजा तो खरोखर तीन वर्षांपर्यंत बोलला नसता, तरी त्यावरून तुमच्या मुलाबद्दल काय कळलं असतं? काहीच नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच मुलं शाळेत जायच्या वयापर्यंत इतरांना गाठतात, हे खरं. पण काहींना कमी ऐकू येत असतं, काहींना स्वमग्नता असते, काहींची भाषेची जडणघडणच वेगळी असते. यांतलं कोणतं मूल आपलं, हे घरी बसून ओळखता येत नाही. आणि कमी ऐकू येणाऱ्या बाळाला सहा महिन्यांचं असताना मदत मिळणं आणि साडेतीन वर्षांचं असताना मिळणं, यांत पुढच्या सगळ्या भाषेचा फरक पडतो.

मग अ‍ॅस्पर्जर?

२००३ मध्ये केंब्रिजचे सायमन बॅरन-कोहेन आणि ऑक्सफर्डचे गणितज्ञ आयन जेम्स यांनी न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्यात अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमची, म्हणजे स्वमग्नतेच्या एका सौम्य प्रकाराची, लक्षणं दिसतात असं सुचवलं. जगभरच्या बातम्यांत ते झळकलं. लक्षणं दिसतात, पण मृत व्यक्तीचं निश्चित निदान करता येत नाही, ही त्यांची पुस्ती बातम्यांत मागे पडली. ग्लेन एलियट या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी तेव्हाच हरकत घेतली होती. आइन्स्टाइनची विनोदबुद्धी चांगली होती, या निदानात ती फारशी बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. अर्थात स्वमग्न व्यक्तींना विनोद कळतच नाही, असं मी म्हणणार नाही. कळतो, आणि काहींचा तर फार तल्लख असतो. पुढे २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेतून अ‍ॅस्पर्जर हे वेगळं निदानच गेलं आणि ते स्वमग्नतेच्या विस्तृत पटात सामावलं. ज्या लेबलवरून वाद झाला, ते लेबल आता आम्ही लिहीतही नाही.

स्वमग्नतेचं निदान करताना आम्ही काय पाहतो? लहानपणी नजरेला नजर मिळायची का, बोट दाखवून वस्तू मागायची सवय होती का, खेळ कसा होता, हे पालकांकडून विचारतो. घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती घेतो. मुलाला प्रत्यक्ष बघतो. आणि शेवटी, या सगळ्यामुळे त्याच्या रोजच्या जगण्यात अडचण येते का, हे पाहतो. ‘मोजे घालायचा नाही’ हा आइन्स्टाइनचा प्रसिद्ध किस्सा यांतल्या कुठल्याच रकान्यात जात नाही.

जिवंत माणसांबाबत तर आमच्या व्यवसायात याचे स्पष्ट संकेत आहेत. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक अवस्थेबद्दल मानसोपचारतज्ज्ञांची मतं पत्राने मागवली आणि १,१८९ जणांनी त्यांना अयोग्य ठरवलं. त्यांना तपासलं होतं एकानेही नाही. गोल्डवॉटर यांनी दावा लावला आणि जिंकला. १९७३ पासून, स्वतः तपासलेलं नसताना सार्वजनिक व्यक्तीच्या मानसिक आरोग्यावर मत देणं तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांना अनैतिक मानलं जातं.

तक्त्यात नसलेला आइन्स्टाइन

आइन्स्टाइनच्या घरात मानसिक आजार खरोखर होता. त्याचा धाकटा मुलगा एडुआर्ड १९१० मध्ये जन्मला. हुशार, पियानो उत्तम वाजवणारा, कविता करणारा, हळवा मुलगा. फ्रॉइडचं आकर्षण असलेला. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं म्हणून तो झुरिकमध्ये वैद्यकशास्त्र शिकू लागला. विसाव्या वर्षाच्या आसपास तो आजारी पडला आणि निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात त्याला अनेकदा राहावं लागलं आणि १९६५ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. वडिलांची आणि त्याची शेवटची भेट १९३३ मधली. तेव्हा आजच्यासारखी परिणामकारक औषधं नव्हती. ती १९५० च्या दशकात येऊ लागली.

सोळाव्या वर्षीच्या एडुआर्डला कुणी ती प्रश्नावली दिली असती, तर त्याला ‘संवेदनशील, कल्पनेत रमणारा, अंतर्मुख’ अशी चार अक्षरं मिळाली असती आणि कदाचित ती बरोबरही असती. पण आजार त्या अक्षरांत नव्हता. शिकत असलेलं शिक्षण सुटलं, आधी होता तसा तो राहिला नाही, यात तो होता. हा फरक पालकांनी लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं. अंतर्मुख माणूस पाचवीतही अंतर्मुख असतो आणि पंचविशीतही. त्याला एकटं बसून बरं वाटतं. तो आंघोळ करतो, जेवतो, अभ्यास करतो आणि दोन-चार जवळच्यांशी मनापासून बोलतो. काल-परवापर्यंत मित्रांत असणारा मुलगा दोन-तीन महिन्यांत दार लावून बसू लागला, रात्रभर जागा राहू लागला, आंघोळ टाळू लागला, एकटाच पुटपुटू लागला किंवा ‘सगळे माझ्याबद्दलच बोलतात’ म्हणू लागला, तर तो स्वभाव नव्हे. कुठलीही टेस्ट काहीही म्हणो.

टेस्टचं वर्णन इतकं जुळतं कसं?

१९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं लेखी वर्णन दिलं. वर्णन किती जुळतं, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना शब्दशः एकच दिलेलं होतं आणि त्यातली वाक्यं बरीचशी ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. वर्तमानपत्रातलं राशिभविष्य ‘अगदी माझंच’ का वाटतं, ते यावरून कळेल.

चार अक्षरांची दुसरी अडचण मापनाची आहे. बहुतेक माणसं अंतर्मुखता आणि बहिर्मुखता यांच्या मधल्या भागात असतात, जशी बहुतेक माणसं मध्यम उंचीची असतात. मधोमध रेघ मारून अलीकडचे ‘बुटके’ आणि पलीकडचे ‘उंच’ असं म्हटलं, तर रेघेजवळचा माणूस आज इकडे, उद्या तिकडे जाणार. काही आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली की अनेकांचं एखादं अक्षर बदलतं, ते म्हणूनच. संशोधनात आता प्रकारांऐवजी पाच मुख्य स्वभावगुण मोजले जातात: नव्याची ओढ, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, दुसऱ्याशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक अस्थिरता. प्रत्येक गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतो. त्याला आकर्षक फोटोंचे तक्ते लागत नाहीत, त्यामुळे तो तितका लोकप्रियही नाही.

कुणी कधी तपासून घ्यावं?

बाळ वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची जोडणी स्वतःहून करत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. येत असलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे झाले तर वाट पाहूच नका. सगळ्यात आधी कानाची तपासणी करून घ्या. लहान बाळाचीही ती झोपेत, न दुखवता होते. ‘बेरा’ हे नाव तुम्ही ऐकलं असेल. टाळी वाजवल्यावर मूल दचकलं म्हणजे त्याला सगळं ऐकू येतं, असं समजू नका. घरात मराठी आणि बाहेर हिंदी-इंग्रजी कानावर पडल्यामुळे मूल बोलायचं थांबतं, हाही गैरसमज आहे. त्यासाठी मुलाशी मराठी बोलणं सोडू नका.

सरकारी व्यवस्थेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत तपासणीला येतं आणि गरज असल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवण यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तरुण मुलांमध्ये वर सांगितलेला बदल दिसला तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मूल यायला तयार नसेल तर पहिल्यांदा पालकांनी एकटं आलं तरी चालतं. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवस-रात्र केव्हाही बोलता येतं. येताना टेस्टचा निकाल आणला नाही तरी चालेल. शाळेची प्रगतिपुस्तकं, जुने व्हिडिओ आणि बदल साधारण कोणत्या महिन्यापासून जाणवू लागला याची टिपणं मात्र जरूर आणा.